पसंतिक्रमाच्या मतदानात मोजणी संगणकावर करावी का, आणि कोणत्या अटींवर?

प्रश्न
विचारणारे: गोदाकाठचा शिक्षक

नमस्कार. नाशिकमधील शिक्षकांच्या एका मंडळाच्या निवडणूक समितीवर मी काम करतो. मंडळाचे साधारण सहाशे सभासद असून कार्यकारिणीवर पाच जणांना निवडून द्यायचे असते. आजवर प्रत्येक सभासद पाच नावांसमोर खुणा करीत असे, आणि त्यामुळे ज्या गटाकडे निम्म्याहून थोडे अधिक सभासद असत त्याचेच पाचही उमेदवार निवडून येत; बाकीच्या सभासदांना कार्यकारिणीत प्रतिनिधीच उरत नसे. यावर उपाय म्हणून सर्वसाधारण सभेने घटनादुरुस्ती केली आणि एकल संक्रमणीय मताची पद्धत (प्रत्येकाचे मत एकच, पण ते त्याने लिहिलेल्या पसंतिक्रमाने एका उमेदवाराकडून पुढच्याकडे जाऊ शकते) स्वीकारली. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघासाठी आम्ही सगळेच १, २, ३ असे पसंतिक्रम लिहीत आलो आहोत, तेव्हा मत कसे द्यायचे हे कुणाला शिकवावे लागणार नाही. अडचण मोजणीची आहे.

नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाची २०२४ ची मोजणी १ जुलैला सुरू झाली. पहिल्या पसंतीच्या मतांत कुणालाच कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मते, गाठता आला नाही, बाद फेऱ्या कराव्या लागल्या आणि निकाल हाती यायला दुसरा दिवस उजाडला. आमच्यापैकी काही जण त्या रात्री मोजणीच्या कामावर होते. तो अनुभव ताजा असल्यामुळे एका तरुण सभासदाने मोजणीसाठी संगणकाचा प्रोग्रॅम तयार केला आहे. पत्रिकांवरील पसंतिक्रम भरले की काही क्षणांत निकाल येतो. परंतु ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप असा आहे की, टेबलावर एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात जाणारी पत्रिका उमेदवाराच्या प्रतिनिधीला डोळ्यांनी दिसते, संगणकाच्या आत काय झाले ते दिसत नाही. हा आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही.

संगणकावरच्या अशा मोजणीत प्रत्यक्ष चुका झाल्याची उदाहरणे आहेत का? असल्यास त्या कशा प्रकारच्या होत्या? आमच्या घटनेत ‘मतमोजणी एकल संक्रमणीय मत पद्धतीने करण्यात येईल’ एवढे एकच वाक्य आहे. ते पुरेसे आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, कारण यावर आम्हाला लवकरच ठराव करायचा आहे.

उत्तर १
मोजणीचे मेज

सर, मी महसूल खात्यातून निवृत्त झालो असून पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या मोजणीत टेबलावर बसलो आहे. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते खरा धोका संगणकात नसून त्या एका वाक्यात आहे. एकल संक्रमणीय मत हे एका कुळाचे नाव आहे आणि त्या कुळात मोजणीच्या कितीतरी पद्धती आहेत. त्याच पत्रिका, तेच पसंतिक्रम घेऊनही दोन पद्धतींत पाचव्या जागेवर दोन वेगळे उमेदवार निवडून येऊ शकतात. घटनेने पद्धत ठरवली नाही, तर ती ठरवण्याचा अधिकार नकळत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे जातो.

आपल्या सभासदांना जी पद्धत माहीत आहे ती एका जागेची आहे, हेही लक्षात घ्यावे. नाशिक विभागात मतदारसंघातून एकच आमदार निवडायचा असतो, म्हणून ‘निवडणूक संचालन नियम, १९६१’ मधील नियम ७५ लागू होतो. प्रत्येक वैध पत्रिकेचे मूल्य १, एकूण वैध मतांचे निम्मे अधिक एक हा कोटा, आणि कोटा कुणालाच मिळाला नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. २०२३ च्या पदवीधर निवडणुकीत सत्यजीत तांबे यांनी पहिल्या पसंतीच्या मतांतच कोटा ओलांडला, त्यामुळे वाटपाची वेळच आली नाही. अशा मोजणीत विजयी उमेदवाराची जादा, म्हणजे कोट्याहून अधिक असलेली, मते वाटण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण जागा एकच असते.

आपल्याकडे पाच जागा आहेत. तेथे राज्यसभेच्या निवडणुकीला लागू होणारी रीत, म्हणजे नियम ७६ आणि त्यापुढील नियम पाहावे लागतील. त्यात प्रत्येक वैध पत्रिकेचे मूल्य १०० धरतात. समजा, आपल्याकडे ६०० पत्रिका वैध ठरल्या. एकूण मूल्य ६०,०००. जागांत एक मिळवून येणाऱ्या ६ ने भागल्यावर १०,०००. त्यात एक मिळवून कोटा १०,००१. एखाद्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची १४० मते मिळाली तर त्याचे मूल्य १४,००० आणि जादा मूल्य ३,९९९ होते. आता त्या १४० पत्रिकांपैकी २० पत्रिकांवर पुढची पसंतीच लिहिलेली नाही असे समजू. १९६१ च्या या नियमांनुसार ३,९९९ ला उरलेल्या १२० ने भागतात, अपूर्णांक सोडून देतात आणि प्रत्येक पत्रिका ३३ या मूल्याने पुढे जाते. हेच काम १४० ने भागून केले तर मूल्य २८ येते. ३३ की २८, हे आपल्या घटनेतील वाक्य सांगत नाही.

हा फरक किरकोळ वाटू नये म्हणून महाराष्ट्रातील उदाहरण देतो. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहा जागांसाठी २८५ आमदारांनी मतदान केले. आपल्या जिल्ह्यातील नांदगावच्या आमदारांचे मत अवैध ठरले आणि २८४ वैध मते उरली. २८,४०० ला ७ ने भागून, एक मिळवून आणि अपूर्णांक सोडून कोटा ४,०५८ झाला. भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची प्रत्येकी ४८ मते होती, म्हणजे प्रत्येकी ७४२ जादा. ४८ च्या ४८ पत्रिकांवर पुढची पसंती असेल तर प्रत्येक पत्रिका १५ मूल्याने पुढे जाते. ७२० मूल्याचे वाटप होते आणि २२ गळून जाते. पहिल्या पसंतीत शिवसेनेचे संजय पवार यांना ३३ आणि भाजपचेच धनंजय महाडिक यांना २७ मते होती, तरीही महाडिक निवडून आले. सहावी जागा जादा मतांच्या वाटपाने ठरली. शिवाय दोघांचे जादा मूल्य सारखेच आणि मूळ मतेही सारखीच असतील तर आधी कुणाचे वाटायचे हे नियमानुसार चिठ्ठी टाकून ठरते. प्रोग्रॅममध्ये अशा वेळी काय होते, हे आपल्या तरुण सभासदाला जरूर विचारावे. बहुतेक वेळा यादीत ज्याचे नाव आधी आहे तो पुढे जातो, आणि लिहिणाऱ्याच्याही ते लक्षात आलेले नसते.

अवैध मतांविषयी थोडेसे. २०२३ च्या पदवीधर निवडणुकीत आपल्या विभागात १२ हजारांहून अधिक मते अवैध ठरली होती. १ हा अंक नसणे, तो दोन नावांसमोर असणे, एकाच नावासमोर १ बरोबर दुसराही अंक असणे, ओळख पटेल अशी खूण असणे, ही कारणे नियमांत स्पष्ट दिली आहेत. १ आणि २ लिहून ३ गाळला व थेट ४ लिहिला तर पत्रिका अवैध होत नाही. ती दुसऱ्या पसंतीपर्यंत चालते आणि तेथे संपते. हे निर्णय माणसांनी, प्रतिनिधींसमोर, पत्रिका हातात धरून घ्यायचे आहेत. संगणक त्यानंतर येतो.

उत्तर २
सातपूर संगणक

वरील उत्तर मोलाचे आहे. मी गेली बरीच वर्षे सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात आहे, तेव्हा चुका कुठे शिरतात ते त्या बाजूने सांगतो. कागदावरचे अंक संगणकात जाणे आणि त्या अंकांवरून फेऱ्या चालणे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहाव्यात, कारण त्यांची तपासणी निराळ्या रीतीने होते.

मोजणीत झालेल्या चुकांची उदाहरणे आपण मागितली आहेत. मला सर्वांत बोधप्रद वाटते ते कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचे. २०२२ मध्ये तेथे शालेय मंडळाच्या एका जागेसाठी पसंतिक्रमाने मतदान झाले. काही मतदारांनी पहिल्या पसंतीचा रकाना कोरा ठेवून दुसऱ्या रकान्यापासून सुरुवात केली होती. तेथील नियमाप्रमाणे अशा पत्रिकेवरील पहिली लिहिलेली पसंती वर सरकवून पहिल्या फेरीतच मोजायची होती. परंतु मोजणी यंत्रणेतील एक पर्याय चुकीचा निवडला गेला होता आणि या पत्रिका पहिल्या फेरीत बाजूला राहिल्या. निकाल प्रमाणित झाला. त्यानंतर बाहेरच्या अभ्यासकांनी जाहीर झालेली आकडेवारी पुन्हा मोजली तेव्हा चूक उघड झाली, आणि विजयी म्हणून घोषित झालेला उमेदवार प्रत्यक्षात पराभूत होता असे निघाले. यात सॉफ्टवेअर बिघडले नव्हते. त्याला चुकीचा नियम सांगितला गेला होता. आपल्या देशातील नियमानुसार १ नसलेली पत्रिका थेट अवैध ठरते, म्हणजे एकाच सॉफ्टवेअरला दोन देशांत दोन उलट आज्ञा द्याव्या लागतील. तयार सॉफ्टवेअर आणून वापरण्याचा विचार कुणी मांडला तर हे उदाहरण सभेत जरूर सांगावे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील ग्रिफिथ या गावाच्या नगर परिषदेचे, २०१२ सालचे. त्या वेळी तेथील कायद्यानुसार जादा मते वाटताना पत्रिकांचे मूल्य कमी न करता त्यांच्यातून काही पत्रिका यदृच्छया निवडल्या जात. त्यामुळे तीच मोजणी पुन्हा केली तर निकाल थोडा बदलू शकतो. संशोधकांनी प्रसिद्ध झालेल्या पसंतिक्रमांवर हीच मोजणी असंख्य वेळा चालवून पाहिली, तेव्हा त्यांना सॉफ्टवेअरमध्ये एक खरीखुरी चूक सापडली. त्या चुकीमुळे एका उमेदवाराची निवडून येण्याची शक्यता ९१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली होती, आणि तो उमेदवार प्रत्यक्षात पराभूत झाला होता. निवडणूक होऊन काही वर्षे उलटल्यानंतर हे समजले. मूळ पसंतिक्रम प्रसिद्ध झाले नसते तर ते कधीच समजले नसते.

न्यूयॉर्क शहरात जून २०२१ च्या महापौरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत तर चाचणीसाठी भरलेली सुमारे १ लाख ३५ हजार मते खऱ्या मतांत मिसळूनच पहिली आकडेवारी जाहीर झाली आणि त्याच दिवशी मागे घ्यावी लागली. तेव्हा आपली चाचणी ज्या फाइलवर होईल ती मोजणीच्या संगणकावरून मतदानापूर्वी, प्रतिनिधींसमोर काढून टाकली पाहिजे.

आयर्लंडचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. तेथे एकल संक्रमणीय मताची परंपरा जुनी आहे. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत मतदान यंत्रावर झाले आणि मोजणी संगणकावर झाली. देशभरासाठी ५ कोटी युरोंहून अधिक खर्च करून यंत्रे घेण्यात आली. परंतु २००४ मध्ये स्वतंत्र आयोगाने या यंत्रणेची अचूकता आणि गोपनीयता पुरेशी सिद्ध झालेली नाही असा निष्कर्ष काढला, २००९ मध्ये योजना सोडून देण्यात आली आणि २०१२ मध्ये यंत्रे भंगारात विकली गेली. त्या यंत्रांतून मतदाराने पाहिलेला कागद निघत नव्हता, त्यामुळे मोजणीविषयी शंका आल्यास परत जाऊन पाहायला काही उरतच नव्हते. आपल्याकडे मत कागदावरच असणार आहे. तो कागद कोणत्याही सोयीसाठी सोडू नका.

आता कागदावरून संगणकात जाण्याविषयी. पत्रिका स्कॅन करून अंक आपोआप ओळखण्याचा मोह कुणाला झाला तर मी सावध करीन. आपल्या सभासदांपैकी काही देवनागरी अंक लिहितील, काही इंग्रजी शाळांतले अंक लिहितील, आणि एखादा रोमन अंकही लिहील. राज्यसभा व विधान परिषदेच्या नियमांत या तिन्हींना परवानगी आहे. हाताने लिहिलेला देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. माणूस संपूर्ण पत्रिका पाहून लिपी ओळखतो. अंकापुरते पाहणारे यंत्र पहिल्या पसंतीला नववी ठरवू शकते, आणि तेरा उमेदवार असतील तर ‘९’ हा अंक अशक्यही ठरत नाही. सहाशे पत्रिका हाताने भरणे फार मोठे काम नाही. प्रत्येक पत्रिका दोन वेगळ्या व्यक्तींनी एकमेकांचे न पाहता भरावी, दोन्ही नोंदी संगणकाने ताडून पाहाव्यात, आणि जेथे फरक असेल तेथे कागद काढून प्रतिनिधींसमोर निर्णय घ्यावा.

प्रोग्रॅमविषयी माझा आग्रह असा की, आपल्या तरुण सभासदाचा प्रोग्रॅम वाया घालवू नये, पण तो एकटा वापरू नये. केवळ लेखी नियम हाती घेऊन, पहिला प्रोग्रॅम न पाहता, दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या भाषेत तो लिहावा. कॉलेज रोड–गंगापूर रोड परिसरातील कोणत्याही महाविद्यालयातील संगणकशास्त्राचा चांगला विद्यार्थी हे करू शकेल. दोघांचे प्रत्येक फेरीचे आकडे जुळले पाहिजेत, केवळ अंतिम नावे जुळून भागणार नाही. आणि वर सांगितलेल्या १०० मूल्याच्या रीतीत सगळे गणित पूर्णांकांतच करावे. दशांशात गणित केले की संगणक ०.१ सारखी संख्यासुद्धा नेमकी साठवत नाही. सूक्ष्म फरक साठत जातो आणि जेथे दोन उमेदवार खरोखर समसमान आहेत तेथे एक जण पुढे असल्याचे दाखवतो. चिठ्ठीची वेळ आली तर चिठ्ठी प्रत्यक्ष टाकावी आणि तिचा निकाल प्रोग्रॅमला सांगावा.

प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सर्वांना खुला असावा, याविषयी दोन मते होऊ नयेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय निवडणूक आयोगाकडे एका नागरिकाने सेनेटच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) मोजणीच्या प्रोग्रॅमचा मजकूर मागितला तेव्हा तो व्यापारी गुपित म्हणून नाकारला गेला आणि २०१५ मध्ये न्यायाधिकरणानेही तो नकार कायम ठेवला. त्याच देशातील राजधानी प्रदेशाने मात्र २००१ पासून आपल्या प्रणालीचा मजकूर प्रसिद्ध केला, आणि त्यामुळे विद्यापीठातील अभ्यासकांना तो तपासता आला.

उत्तर ३
जुनी पेठ

सहाशे पत्रिकांसाठी एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजत नाही. चार टेबले मांडा, प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी बसवा, सकाळी सुरू करा; रात्रीच्या आत काम होईल. ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप बरोबर आहे. हरलेल्या माणसाला आपण का हरलो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले पाहिजे, आणि त्यासाठी त्याला आकड्यांच्या तक्त्यापेक्षा गठ्ठा दाखवणे केव्हाही चांगले.

उत्तर ४
नाशिकरोडची गणित शिक्षिका

‘जुनी पेठ’ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि पहिल्या निवडणुकीत हाताची मोजणीही व्हावी असे मलाही वाटते. तथापि हाताची मोजणी आपोआप निर्दोष असते हे मान्य करता येणार नाही. २०१३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील सेनेटच्या निवडणुकीत मधल्याच एका फेरीत दोन लहान पक्षांच्या उमेदवारांपैकी कोण आधी बाद होणार हे अवघ्या १४ मतांच्या फरकाने ठरले. ते दोघे स्वतः निवडून येणार नव्हतेच. परंतु त्यांच्यापैकी कोण आधी बाद होतो यावर शेवटच्या दोन जागा कुणाला मिळतील हे अवलंबून होते. फेरमोजणी घेतली तेव्हा १,३७० पत्रिका सापडेनात, आणि उरलेल्या पत्रिकांवरून तो क्रम उलटला. अखेर न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि एप्रिल २०१४ मध्ये संपूर्ण राज्यात पुन्हा मतदान झाले. संगणकाची येथे काही चूक नव्हती. कागद जपला गेला नव्हता.

या उदाहरणातील गणिताची बाजू मला फार महत्त्वाची वाटते. साध्या बहुमताच्या निवडणुकीत विजयी आणि पराभूत यांच्यातील अंतर पाहून निकाल किती पक्का आहे हे सांगता येते. पसंतिक्रमाच्या निवडणुकीत शेवटच्या फेरीतील अंतर मोठे असले तरी चौथ्या किंवा पाचव्या फेरीत दोन मतांवर सगळे फिरू शकते, आणि किती पत्रिका बदलल्या असता निकाल बदलला असता हे शोधणे एकाहून अधिक जागांच्या निवडणुकीत संगणकालाही जड जाते. म्हणून फेरमोजणीचा नियम लिहिताना ‘विजयी उमेदवारातील अंतर’ अशी अट घालू नये. कोणत्याही फेरीत बाद झालेला आणि त्याच्या लगतचा उमेदवार यांच्यातील अंतर ठरावीक मूल्यापेक्षा कमी असेल तर त्या फेरीतील पत्रिका काढून पाहाव्यात, असा नियम असावा. हे अंतर शोधून देण्याचे काम संगणक उत्तम करतो, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग येथे आहे.

पद्धत निवडण्याविषयी आणखी थोडे लिहिते. न्यूझीलंडमध्ये ज्या नगर परिषदा ही पद्धत वापरतात त्या २००४ पासून मीक यांच्या रीतीने मोजतात. ब्रायन मीक यांनी ती १९६९ च्या सुमारास मांडली. तीत निवडून आलेल्या उमेदवाराकडेही मते येत राहतात, पसंती संपलेल्या पत्रिकांनुसार कोटा पुन्हा पुन्हा कमी होतो, आणि गणित स्थिरावेपर्यंत ते फिरत राहते. मतदारांच्या दृष्टीने ती बहुधा सर्वांत न्याय्य रीत आहे, परंतु हाताने करणे जवळपास अशक्य. स्कॉटलंडने २००७ पासून स्थानिक निवडणुकांसाठी निराळी वाट धरली: विजयी उमेदवाराकडील सगळ्या पत्रिका, जिचे जे मूल्य असेल त्या प्रमाणात, पुढे जातात, आणि ही मोजणीही यंत्रावरच होते. आपल्या १९६१ च्या नियमांत मात्र दुसऱ्या उमेदवारांकडून आलेल्या मतांमुळे कोटा ओलांडला गेला असेल तर फक्त शेवटी आलेला गठ्ठा तपासतात. ज्यांची मते आधी आली त्यांचा पुढच्या वाटपात काहीच वाटा राहत नाही. हे अन्यायाचे आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते, पण ही रीत हाताने करता येते आणि कायद्यात शब्दशः लिहिलेली आहे.

सर, आपल्या मंडळाने १९६१ चे नियमच जसेच्या तसे स्वीकारावेत असे मी सुचवीन. अपूर्णांक सोडा म्हटले आहे तर संगणकानेही तो सोडला पाहिजे. त्याला अधिक अचूक गणित येते म्हणून त्याने ते करू नये. एकदा नियम तोच ठेवला की ‘जुनी पेठ’ यांची चार टेबले आणि दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालू शकतात, आणि प्रत्येक फेरीनंतर टेबलावरचा आकडा व पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी फळ्यावर लिहिता येतो. जेथे जुळणार नाही तेथे थांबावे, पुढची फेरी सुरू करू नये. अमेरिकेतील केंब्रिज शहरात १९४१ पासून एकल संक्रमणीय मताची पद्धत आहे. १९९७ मध्ये मोजणी संगणकावर नेताना त्यांनी जादा मते वाटण्यासाठी पत्रिका निवडण्याचा जुना क्रमच संगणकाला शिकवला, नवा नियम आणला नाही.

प्रश्नकर्त्याचा पुढचा प्रश्न
गोदाकाठचा शिक्षक

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. ताई, नियम जसेच्या तसे स्वीकारण्याची सूचना आणि दोन्ही मोजण्या एकत्र चालवण्याची सूचना समितीपुढे मांडतो. एक शंका उरते. ओकलंड आणि ग्रिफिथ येथील चुका मूळ पसंतिक्रम जाहीर झाले म्हणूनच सापडल्या, असे ‘सातपूर संगणक’ यांनी लिहिले आहे. मग आम्हीही सगळ्या सहाशे पत्रिकांचे पसंतिक्रम, नावे अर्थातच न देता, सभासदांना उपलब्ध करून द्यावेत का? आमच्या मंडळात मुख्याध्यापक आहेत, त्यांच्या हाताखाली काम करणारे शिक्षक आहेत आणि संस्थाचालकांचे निकटवर्तीयही आहेत, म्हणून विचारतो.

उत्तर ५
सातपूर संगणक

हा प्रश्न आपण विचारला हे फार बरे झाले, कारण येथे पारदर्शकता आणि गोपनीयता एकमेकींच्या आड येतात. नाव नसले तरी लांबलचक पसंतिक्रम हीच मतदाराची सही होऊ शकते. तेरा उमेदवारांना क्रम लावण्याचे ६०० कोटींहून अधिक मार्ग आहेत आणि आपले मतदार सहाशे. एखाद्या मुख्याध्यापकाने हाताखालच्या शिक्षकाला सांगितले की, अमुक उमेदवाराला १ द्या आणि तळाच्या सहा नावांना या विशिष्ट क्रमाने अंक द्या, तर जाहीर झालेल्या यादीत तो क्रम सापडतो की नाही एवढे पाहिले म्हणजे आज्ञा पाळली गेली की नाही हे कळते. तळाच्या अंकांचा निकालावर काही परिणाम होत नाही, त्यामुळे दबाव आणणाऱ्याचे त्यात काहीच जात नाही.

ऑस्ट्रेलियात सेनेटच्या सर्व पत्रिकांचे पसंतिक्रम प्रसिद्ध होतात, परंतु तेथे मतदारांची संख्या लाखांत असते आणि मतदार व उमेदवार यांचे संबंध नोकरीतल्यासारखे जवळचे नसतात. आपल्या मंडळासाठी मी वेगळी व्यवस्था सुचवतो. प्रत्येक फेरीचा संपूर्ण तक्ता सर्वांना द्यावा: कुणाकडून कुणाकडे किती पत्रिका, कोणत्या मूल्याने गेल्या, किती संपल्या आणि किती मूल्य गळाले. पसंतिक्रमांची संपूर्ण फाइल मात्र बाहेर देऊ नये. उमेदवारांनी नेमलेल्या प्रतिनिधींना ती मोजणीच्या खोलीत, मोबाइल बाहेर ठेवून, स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालवून पाहू द्यावी. ज्याला शंका असेल त्याने आपला प्रोग्रॅम आणावा, फाइल नेऊ नये. यदृच्छया काढलेल्या काही पत्रिका फाइलमधील नोंदींशी ताडून पाहण्याची मुभाही त्यांना असावी. ऑस्ट्रेलियात २०२१ च्या कायद्याने सेनेटच्या मोजणीसाठी अशी नमुना तपासणी आता बंधनकारक केली आहे.

ताडून पाहण्यासाठी कागद आणि नोंद यांना एकच क्रमांक लागतो, आणि तो क्रमांक केव्हा टाकायचा हे फार काळजीपूर्वक ठरवावे. मतदानाच्या वेळी पत्रिकेवर क्रमांक असेल तर हजेरीच्या यादीवरून मतदार ओळखता येईल. मतपेट्या उघडून सगळ्या पत्रिका एकत्र कराव्यात, प्रतिनिधींसमोर त्या नीट मिसळाव्यात, आणि त्यानंतरच प्रत्येक पत्रिकेच्या मागील बाजूस क्रमांकाचा शिक्का मारावा. नोंदी भरण्याचे काम त्यानंतर सुरू करावे.